आईसाठी कॅन्सर मार्करचं पॅकेज घ्यायच्या आधी हे वाचा: एचपीव्ही टेस्ट कशी करायची आणि रिपोर्ट कसा बघायचा

गेल्या वर्षी बाबांच्या ऑफिसातून फुल बॉडी चेकअपचं पॅकेज मिळालं, त्यात बायकांसाठी "कॅन्सर मार्कर प्रोफाइल" होतं, आईने केलं आणि सीए-१२५ आला ५८. रिपोर्टवर ३५ च्या खाली नॉर्मल असं छापलेलं असतं, झालं, तीन आठवडे घरात कुणाला धड झोप नाही, बाबा एफडी मोडायची का म्हणून बँकेत चौकशी करून आले. शेवटी सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाले, म्हणजे गर्भपिशवीतल्या साध्या गाठी, कॅन्सर नाही. पण त्याच दिवशी गायनॅक मॅडमनी आईला विचारलं, काकू गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कधी केलीये का? आई म्हणाली, अशी पण तपासणी असते होय? ४९ वय, दोन बाळंतपणं, आणि एकदाही नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय, तुमच्या घरी आई, मावशी, वहिनी, कामाला येणाऱ्या ताई, ज्या कुणी तिशीच्या पुढच्या असतील त्यांच्यासाठी.

आधी मार्करचं बोलते कारण पैसे तिथेच जातात. सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रोटीन आहे, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतं हे खरं, पण ते पाळीच्या दिवसांत वाढतं, गरोदरपणात वाढतं, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, लिव्हरचा आजार, पोटाचा टीबी ह्या सगळ्यात वाढतं. आणि उलट बाजूने, सुरुवातीच्या स्टेजचा कॅन्सर असूनही नॉर्मल येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, २०२१ मध्ये त्याचा शेवटचा निकाल आला, सीए-१२५ आणि सोनोग्राफीने निरोगी बायका तपासत राहून मृत्यू कमी झाले नाहीत. सीईए हा असाच दुसरा मार्कर, तो तर नुसत्या सिगरेट-विडीने पण वाढतो. ह्या टेस्ट फालतू आहेत असं मी म्हणत नाहीये, कॅन्सर सापडलेल्या पेशंटची ट्रीटमेंट लागू पडतेय का ते बघायला डॉक्टर ह्याच वापरतात. तक्रार नसलेल्या बाईत कॅन्सर शोधायचं हे काम मात्र त्यांचं नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं आहे. तिथे आपल्याला कारणच माहितीये. जवळजवळ सगळ्या केसेसमागे एचपीव्ही हा व्हायरस असतो, हेराल्ड झुर हाउझेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८३-८४ मध्ये त्याचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार ह्या कॅन्सरच्या गाठींमध्ये दाखवले, २००८ ला त्यांना नोबेल मिळालं. साधारण ७० टक्के केसेस ह्या दोनच प्रकारांमुळे होतात. व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेक बायकांत १५-२० वर्षं लागतात (एचआयव्ही असेल आणि औषधं चालू नसतील तर ५-१० सुद्धा). म्हणजे पकडायला इतका मोठा वेळ हातात असतो आणि तरी आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, ८० हजारांच्या आसपास जातात. मला हे वाचून खरंच खूप त्रास झाला.

आणि हा व्हायरस शोधणारी एचपीव्ही टेस्ट काम करते ह्याचा जगातला मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातून आलाय. १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, तिथल्या गावांमध्ये टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली डब्ल्यूएचओची कॅन्सर संस्था ह्यांनी मिळून अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका, ५२ भाग, चार गट. एका गटाला एचपीव्ही टेस्ट, एकाला पॅप (तोंडावरच्या पेशी घेऊन मायक्रोस्कोपखाली बघणं), एकाला व्हिनेगर लावून बघायची तपासणी, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये आठ वर्षांचा हिशोब छापून आला. एचपीव्ही टेस्टच्या गटात ह्या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४, आणि चौथ्या गटात तर बायका थोड्या कमीच होत्या. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या टेस्टने मृत्यू जवळपास निम्मे! ज्यांची टेस्ट निगेटिव्ह होती त्यांच्यातली एकही बाई त्या काळात ह्या कॅन्सरने गेली नाही. त्या चौथ्या गटातल्या ६४ जणींचा विचार मनातून जात नाही, आज जगभरच्या गाइडलाइनमध्ये जे लिहिलंय त्याची किंमत त्या गावांनी मोजलीये, आणि आपण पुण्यामुंबईत राहून टेस्टचं नाव ऐकलेलं नसतं.

आता करायचं कसं. वय ३० पासून सुरू, एचआयव्ही असेल तर २५ पासून. साठीतल्या बाईचं आजवर एकदाही झालं नसेल तरी करून घ्या. पिशवी काढलेली असेल तर जुने कागद शोधा, तोंडासकट काढलीये का ते बघा, तोंड ठेवलं असेल तर टेस्ट लागते.

प्रायव्हेटमध्ये गायनॅककडे जाऊन सरळ "हाय रिस्क एचपीव्ही डीएनए टेस्ट" असं म्हणा, नुसतं "कॅन्सरची टेस्ट" म्हणालात तर पुन्हा रक्ताच्या पॅकेजवर जाल. ही रक्ताची टेस्ट नाहीच. दर लॅबप्रमाणे बराच बदलतो, आधी दोन-तीन ठिकाणी फोन करा. सरकारीमध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा ग्रामीण रुग्णालयात बहुतेक व्हीआयए मिळेल, म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ अॅसिड लावून एक मिनिट थांबून बघतात, खराब भाग पांढरा होतो. तीपण चांगली, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी पटीने चांगली. फक्त पाळी गेलेल्या बायकांमध्ये बघायचा भाग आत सरकलेला असतो त्यामुळे त्यांना जमलं तर एचपीव्हीच करा.

पाळी चालू असताना जाऊ नका, ती पूर्ण थांबल्यावर जा. आधीचे दोन दिवस आतमध्ये क्रीम, गोळी काही नको, आतून धुणं नको, संबंध नको. उपाशीपोटी वगैरे राहायची गरज नाही. सैल साडी किंवा कुर्ता घालून जाणं सोयीचं पडतं. टेबलावर पाय दुमडून झोपवतात, एक छोटं उपकरण घालून जागा उघडतात आणि मऊ ब्रशने पेशी घेतात, पाचेक मिनिटं. अवघडल्यासारखं होतं, दुखलं तर बोलायचं, थांबवतात. आईला सगळ्यात जास्त लाज वाटत होती, तिला मी दोनच गोष्टी सांगितल्या की डॉक्टर बाई आहेत आणि मी पडद्याच्या ह्या बाजूला उभी आहे, तेवढ्यावर ती तयार झाली. अगदीच नको म्हणत असतील तर काही ठिकाणी स्वतःच ब्रश फिरवून सॅम्पल द्यायची सोय असते, विचारून बघा, एचपीव्हीसाठी ते चालतं.

एक महत्त्वाचं, संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं, वास येणारं पांढरं जात असेल तर ह्या टेस्टची वाट बघू नका, थेट गायनॅककडे जा, तिथे आतून बघणंच लागतं.

रिपोर्टमध्ये "नॉट डिटेक्टेड" असेल तर पुढची टेस्ट ५ वर्षांनी. "डिटेक्टेड" आलं तर आधी श्वास घ्या, ह्याचा अर्थ कॅन्सर नाही, व्हायरस आहे, आणि १० पैकी ९ जणींच्या अंगातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप निघून जातो. आता कुठला प्रकार लिहिलाय ते बघा. १६ किंवा १८ असेल तर सहसा थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठं करून बघणं. "अदर हाय रिस्क" असेल तर आधी पॅप किंवा व्हीआयए, ते नीट असेल तर ठरावीक मुदतीने परत टेस्ट, आणि ही परतची टेस्ट चुकवू नका कारण टिकून राहिलेला व्हायरसच पुढे त्रास देतो. पॅपच्या कागदावर एनआयएलएम म्हणजे नॉर्मल, एचएसआयएल म्हणजे पेशी जास्त बदललेल्या, लवकर पुढच्या तपासणीला जायचं. दुर्बिणीत काही दिसलं तर छोटा तुकडा काढून तपासतात, ती बायोप्सी. तिच्यात सीआयएन म्हणजे कॅन्सरच्या आधीचे पेशींमधले बदल, सीआयएन १ आलं तर ते बहुतेक वेळा आपलं आपण जातं, २-३ आलं तर तेवढाच भाग जाळून किंवा लीप नावाच्या पद्धतीत तारेने काढून टाकतात, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी.

इथे कळकळीने सांगते, "पॉझिटिव्ह आहे, पिशवी काढून टाकू" असं कुणी म्हणालं तर सही करू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बीडमध्ये ऊसतोड बायकांचं काय झालं ते आठवा, २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली तेव्हा ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि कितीतरी जणींना कॅन्सरचीच भीती घातलेली होती. त्यांना ही एक टेस्ट कुणी सांगितली असती तर.

अजून एक. पॉझिटिव्ह आलं म्हणून घरात संशय नको, बाईवरही नको आणि नवऱ्यावरही नको, हा व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, कधी कुणाकडून आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. मुलगी ९ ते १४ ची असेल तर लस द्या, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक आहे, त्यात १६ आणि १८ दोन्ही आहेत. आधीच असलेला व्हायरस मात्र लसीने जात नाही त्यामुळे आईला लस देऊन टेस्ट टाळता येत नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर टेस्ट आहेच.

लिव्हरच्या बाबतीतपण असंच, एएफपी मार्करच्या आधी हिपॅटायटीस बी ची साधी रक्ततपासणी बघा, ती पॉझिटिव्ह असेल तर पुढे सोनोग्राफी आणि एएफपी कधी करायचं ते डॉक्टर सांगतील.

आईचा रिपोर्ट नॉट डिटेक्टेड आला. तिने स्वतःच बार्शीला मामीला फोन करून सगळं समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं, आता मामी पुढच्या मंगळवारी येतेय, पाळी संपून पाच दिवस झालेले असतील तोवर.