पिंजऱ्यातली दांडी किती जाड हवी?

चिंगीच्या तळव्यावरचे डाग मला अचानकच दिसले. चिंगी माझी कॉकटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, तेव्हा तीन वर्षांची. ती जाळीला धरून वर चढत होती आणि मी खाली बसून पिंजऱ्याचा ट्रे साफ करत होतो. वर बघितलं तर दोन्ही पंजांच्या तळव्यावर, बरोबर मधोमध, एकेक लालसर चकाकणारा ठिपका. निरोगी तळव्याला आपल्या बोटांच्या ठशासारखी बारीक खरखरीत नक्षी असते. त्या ठिपक्यांवर ती पार पुसली गेली होती.

माझं काम लेथवरचं, त्यामुळे जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर घरातही असतो. पिंजऱ्याबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या दोन्ही दांड्या मोजल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ मिलिमीटर, कुठेही फरक नाही. तीन वर्षं ती त्याच जाडीवर, तळव्याच्या त्याच जागेवर भार टाकून उभी होती, आणि मी तिच्यासाठी खेळणी आणत राहिलो.

पाळलेला पक्षी जवळजवळ सगळा वेळ पायांवरच असतो. झोपतोही उभ्यानेच, आणि बरेचदा एक पाय पिसांत ओढून घेतो, म्हणजे सगळं वजन एकाच तळव्यावर येतं. झाडावर प्रत्येक फांदीची जाडी वेगळी, उतार वेगळा, त्यामुळे दाब सतत सरकत राहतो. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर तो सरकत नाही. दाबलेल्या जागी रक्तपुरवठा कमी होतो, कातडी पातळ होते, मग भेगा पडतात आणि जंतू शिरतात. या दुखण्याला बंबलफूट म्हणतात. वाढलं तर ते आत स्नायुबंधापर्यंत आणि हाडापर्यंत जातं. चिंगीचं अगदी सुरुवातीलाच लक्षात आलं.

जाडी ठरवायची तर पक्षी दांडीवर बसलेला असताना त्याची बोटं बघा. पोपटाच्या जातीत दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. दांडी बारीक असेल तर पुढची आणि मागची नखं एकमेकांवर येतात, कधी टोचतातही. खूप जाड असेल तर बोटं सपाट पडतात आणि पकड बसत नाही. बोटांनी दांडीचा साधारण दोन तृतीयांश ते पाऊण घेर धरला की जमलं. ढोबळ आकडे सांगायचे तर बजरीगरसारख्या छोट्या पोपटाला १० ते २० मिलिमीटर, कॉकटिएलला १५ ते २५, आफ्रिकन ग्रे किंवा अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या पोपटाला २५ ते ५०. पण यातला एकच आकडा धरून चार सारख्या दांड्या लावल्या तर पुन्हा तेच होणार. पिंजऱ्यात किमान तीन वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात, आणि त्यातली एक तरी मुळातच वाकडीतिकडी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असावी.

म्हणून मला सगळ्यात आवडते ती खरी फांदी. पेरूची फांदी टणक असते, जागोजागी वळते आणि साल चोचीने सोलायला पक्ष्याला मजा येते. निलगिरी आणि बॉटलब्रशही चालतात. कण्हेर आणि अ‍ॅव्होकॅडो पक्ष्यांना विषारी आहेत, त्यांच्या फांदीला हातही लावू नका. झाड ओळखता येत नसेल तर ती फांदी घरात आणू नका. झाडावर औषधफवारणी झालेली नसावी. फांदी कडकडीत गरम पाण्याने ब्रश मारून घासायची आणि खडखडीत उन्हात पूर्ण सुकू द्यायची. बारीक टोकं कापून कानशीने घासून घ्यायची, साल मात्र ठेवायची. रंग, व्हार्निश काही नको.

बसवतानाही थोडं जपा. मी फांदीच्या टोकाला भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घातला आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना मोठे वॉशर लावून विंगनटने, म्हणजे हाताने फिरवायच्या पंखवाल्या नटने, आवळला. जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरू नका, ती चावून जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. बोल्ट इतका घट्ट हवा की पक्षी उडून येऊन बसला तरी फांदी फिरता कामा नये. फिरणाऱ्या फांदीवर पक्षी मनापासून बसतच नाही.

दांडीवर चढवायची सँडपेपरची नळी मिळते, नखं घासली जावीत म्हणून. ती कृपा करून घेऊ नका. बसलेल्या पक्ष्याची नखं बहुतेक वेळ दांडीला टेकतच नाहीत, टेकतो तो तळवा, आणि तोच झिजतो. सिमेंटची खरखरीत दांडी एखादी चालेल, पण जिथे पक्षी थोडाच वेळ थांबतो तिथे, म्हणजे खाण्याच्या वाटीपाशी. झोपायच्या जागी ती कधीच नको. सुती दोराची दांडी मऊ असते, दुखऱ्या पायाला आराम देते. मात्र तिचे सुटलेले धागे रोज कापावे लागतात, नाहीतर त्यात बोट अडकतं किंवा धागा पोटात जातो. म्हाताऱ्या किंवा पाय अधू झालेल्या पक्ष्याला एक सपाट फळी द्यावी.

पक्षी शक्यतो सगळ्यात उंच दांडीवर झोपतात, म्हणून तुमच्याकडची सगळ्यात आरामशीर फांदी तिथे लावा. अन्नपाण्याच्या वर दांडी नको आणि एकाखाली एकही नको, विष्ठा खालच्या दांडीवर पडते. वळताना शेपूट जाळीला घासत नाही ना, तेही बघा.

चिंगीला पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी मला आणखी एक विचारलं, खायला काय देता? नुसत्या बिया, मी म्हणालो. बियांत अ जीवनसत्त्व फार कमी असतं आणि त्याने कातडी कमकुवत होते. वजन वाढलं तर तळव्यावरचा भारही वाढतो. आहार सुधारला नाही तर उत्तम फांदीही अपुरी पडते.

आता मी दर रविवारी चिंगी जाळीवर चढली की खालून टॉर्च धरतो. नक्षी पुसट झाली किंवा गुलाबी चकाकी दिसली तर आधी दांड्या बदलायच्या. सूज आली, खपली धरली किंवा पक्षी सारखा एक पाय उचलून धरू लागला तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडेच जायचं. खपली काढू नका आणि घरातलं मलम लावू नका, पक्षी ते चोचीने पोटात घेतो.

जुन्या दांड्या एकदम काढू नका, पक्षी बिथरतो. मी पेरूची फांदी जुन्या दांडीला लागूनच, त्याच उंचीवर लावली. पहिले काही दिवस चिंगी तिच्यापासून अंग चोरून बसायची. मग एक पाय फांदीवर आणि एक दांडीवर. अकराव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं तर ती फांदीच्या जाड टोकाला, एक पाय पिसांत ओढून झोपली होती. त्याच दिवशी १२ मिलिमीटरची दांडी काढून टाकली.