रेनॉल्ड्स नंबर काढताना या चुका टाळा

प्रवाह शांत, थराथरांनी वाहणारा (लॅमिनार) आहे की खळबळता (टर्ब्युलंट), हे सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर: वेग गुणिले लांबी, भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (प्रवाही पदार्थाचा चिकटपणा भागिले घनता). एवढं सोपं सूत्र, तरी उत्तर सर्रास चुकतं, कारण ‘लांबी’ नेमकी कोणती घ्यायची हेच पाहिलं जात नाही. भरून वाहणाऱ्या गोल पाइपला आतला व्यास घेतात आणि लॅमिनार प्रवाहाची मर्यादा साधारण २३०० मानतात. सपाट पत्र्यावरून हवा वाहत असेल तर पुढच्या कडेपासूनचं अंतर घेतात, तिथे मर्यादा ५ लाखांच्या आसपास जाते. उघड्या कालव्यासाठी बहुतेक पुस्तकं हायड्रॉलिक त्रिज्या (प्रवाहाच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओला परिघ) वापरतात आणि ५०० वरच लॅमिनार प्रवाह संपला असं धरतात. गोल पाइपची हायड्रॉलिक त्रिज्या व्यासाच्या पाव असते, म्हणजे ५०० आणि २३०० यांत फारसा विरोध नाही. घोटाळा होतो तो लांबी एका पुस्तकातली आणि मर्यादा दुसऱ्यातली घेतल्यावर.

२५ मिमीचा पाइप, सेकंदाला १ मीटर वेग, २० अंशांचं पाणी: उत्तर सुमारे २५,००० यायला हवं. अडीच कोटी आलं तर मिलिमीटरचे मीटर करायचे राहिलेत. पाणी ८० अंशांचं असेल तर व्हिस्कॉसिटी जवळपास तिसऱ्या हिश्शावर येते आणि त्याच पाइपात आकडा ६८,००० च्या घरात जातो. सोलर हीटरच्या लाइनला थंड पाण्याची व्हिस्कॉसिटी लावू नका.

२३०० ही काही भिंत नव्हे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून पाहिलं, तेव्हा पाणी अगदी स्थिर ठेवल्यावर प्रवाह १२ हजारांपर्यंत लॅमिनार राहिला होता. डिझाइन मात्र २३०० ते ४००० च्या पट्ट्यात ठेवू नये, तिथला घर्षणांक भरवशाचा नसतो. लॅमिनार पाइपात हेडलॉस (घर्षणाने होणारी दाबाची घट) बरोबर चौपट किंवा पाव येत असेल, तर घर्षणांकाच्या सूत्रांमधला डार्सीचा ६४ आणि फॅनिंगचा १६ यांची अदलाबदल झाली आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक मॉडेलमध्ये होते. सांडव्याचं १:२५ मॉडेल फ्रूड नंबर (वेग आणि गुरुत्वाकर्षण यांच्या परिणामांचं गुणोत्तर) प्रत्यक्ष सांडव्याशी जुळवून चालवतात. त्यात वेग पाचपट कमी होतो, आणि पाणी तेच असल्यामुळे रेनॉल्ड्स नंबर १२५ पट घसरतो. दोन्ही एकदम जुळवायचा हट्ट सोडा. मॉडेलमधला प्रवाह पुरेसा टर्ब्युलंट आहे ना आणि माथ्यावरचा पाण्याचा थर पृष्ठताणाचा परिणाम जाणवण्याइतका पातळ नाही ना, एवढं तपासा.