आयपी पत्त्यावरून मेल अडवायचे नियम: पोस्टफिक्सला पायथनची जोड

इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या पेढीचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) चालतं आणि रोज खोटी बिलं नि खोट्या बँक-सूचना येऊन पडताहेत असं धरू. मेलमधलं पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. मेल कुठून कसा आला हे सांगणाऱ्या वरच्या 'रिसीव्हड' ओळीही बनावट घालता येतात. त्यांतल्या तुमच्या सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या ओळीच भरवशाच्या. पण जी मशीन आत्ता तुमच्या पोर्ट २५वर (बाहेरचा मेल आत येण्याच्या दारावर) येऊन बोलतेय तिचा आयपी पत्ता खोटा करणं जवळपास अशक्य असतं. नियम बांधायचे ते त्याच पत्त्यावर.

खाली अंक आणि नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमनमध्येच टंकायची. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं 'इंट' (मजकुरातून आकडा बनवणारं) देवनागरी २५ बिनतक्रार वाचतं, पण आयपी पत्ते तपासणारं 'आयपीॲड्रेस' मॉड्यूल देवनागरी अंकांचा पत्ता सरळ नाकारतं.

पोस्टफिक्सकडे 'चेक_पॉलिसी_सर्व्हिस' नावाची सोय आहे. मेल आत घेण्याआधी पोस्टफिक्स तुम्ही पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामला काही ओळी पाठवतं, प्रत्येक ओळ 'नाव=किंमत' अशी. त्यातली आपल्या कामाची ओळ 'क्लायंट_ॲड्रेस', म्हणजे समोरच्या मशीनचा आयपी पत्ता. रिकामी ओळ आली की प्रश्न संपला. उत्तर एका ओळीत द्यायचं, 'ॲक्शन=डनो' (माझी हरकत नाही, पुढच्या तपासण्या करा) किंवा 'ॲक्शन=रिजेक्ट' (अडवा) आणि त्यापुढे कारण, आणि त्यानंतर आपणही एक रिकामी ओळ सोडायची. ती विसरली की पोस्टफिक्स १०० सेकंद ताटकळतं आणि शेवटी समोरच्याला ४५१ ची (तात्पुरत्या अडचणीची) चूक दाखवतं. प्रोग्राम 'स्पॉन'मधून (म्हणजे पोस्टफिक्सकडूनच सुरू करून) चालवत असाल तर उत्तर लिहिल्यावर 'फ्लश' (लिहिलेलं लगेच पुढे ढकलणं) करायलाच हवं. नाहीतर ते पायथनच्या बफरमध्येच पडून राहतं आणि लक्षणं हुबेहूब तीच दिसतात. आणखी एक, एकाच जोडणीवर एकामागून एक प्रश्न येतात, तेव्हा पहिल्या उत्तरानंतर प्रोग्राम बंद करू नका.

मेल चालणार असेल तर 'ओके' नव्हे, 'डनो' म्हणा. 'ओके' म्हटलं की पोस्टफिक्सच्या तपासण्यांच्या त्या यादीतल्या पुढच्या तपासण्या होतच नाहीत. म्हणूनच 'चेक_पॉलिसी_सर्व्हिस'ची ओळ त्या यादीत 'रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन'च्या (परक्यांचा मेल पुढे पाठवायला नकार देणाऱ्या ओळीच्या) खाली ठेवायची. वर ठेवली आणि प्रोग्रामने चुकून 'ओके' दिलं, तर जगभरचे लोक तुमच्या सर्व्हरवरून मेल पाठवू लागण्याचा धोका असतो.

नियम कोडमध्ये कोरू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. एका ओळीत पाच गोष्टी: रेंज, कृती, कारण, कधी घातला, कधी संपणार.

१९८.५१.१००.०/२४ | अडवा | खोटी बिलं | १ जून | १ जुलै
१९८.५१.१००.४०/३२ | सोडा | डाय-रंगाचा पुरवठादार | १ जून | –

स्लॅशपुढचा आकडा जितका मोठा तितकी रेंज लहान: /३२ म्हणजे एकच पत्ता, /२४ म्हणजे २५६ पत्ते. इथे खरी गोम आहे. दोन्ही ओळी पुरवठादाराच्या पत्त्याला लागू पडतात. पहिली जुळेल ती खरी मानली तर पुरवठादाराचा मेल अडतो, आणि उद्या कुणी ओळींचा क्रम बदलला की निकालही बदलतो. म्हणून फाइल वाचतानाच रेंजा स्लॅशपुढच्या आकड्यानुसार मोठ्याकडून लहानाकडे लावा: /३२ आधी, /२४ नंतर, /१६ त्याहून नंतर. जास्त नेमका नियम जिंकला पाहिजे.

जुळणी अक्षरांवरून करू नका. '२०३.०.११३.२'ने सुरू होणारे पत्ते अडवायला गेलात तर .२ सोबत .२० ते .२९ आणि .२०० ते .२५५ सगळे जातात. पायथनचं 'आयपी_नेटवर्क' (रेंज बनवायला) आणि 'इन' (पत्ता तिच्यात आहे का ते बघायला) वापरा. २०३.०.११३.२५/२४ असं लिहिलं तर पायथन चूक दाखवतं. ती चूक 'स्ट्रिक्ट=फॉल्स' करून गप्प करायचा मोह होतो, पण तसं केलं की एका पत्त्यासाठी लिहिलेला नियम २५६ पत्त्यांना लागतो. ०१० सारखे पुढचे शून्यही ठेवू नका: काही जुन्या साधनांत त्याचा अर्थ ८ होतो, आणि पायथन ३.९.५ पासून असे पत्ते घेतच नाही. आयपीव्ही६ (नवे, लांब आयपी पत्ते) मध्ये एकेक पत्ता अडवण्यात अर्थ नाही. एका जोडणीलाच बहुधा अख्खी /६४ रेंज मिळते, अडवायची तर तीच.

स्पॅमहाउससारखी (संशयास्पद पत्त्यांची) यादी डीएनएसमधून विचारायची तर पत्ता उलटा लावून नाव बनवतात: २०३.०.११३.२५ साठी '२५.११३.०.२०३', पुढे 'झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग'. नाव सापडलं नाही तर पत्ता यादीत नाही. उत्तर आलं तर ते वाचा, नुसतं आलं एवढ्यावर अडवू नका. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसमध्ये नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरवरून) विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ येतं. तो नकार तुमच्या रिझॉल्व्हरला असतो, पाठवणाऱ्याला नव्हे. हा फरक न केलेला कोड येणारा प्रत्येक मेल परतवतो. चाचणीसाठी १२७.०.०.२ हा पत्ता मुद्दाम यादीत ठेवलेला असतो. दोन-तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर 'डनो'.

१२७.०.०.१० आणि ११ ही उत्तरं घरगुती ब्रॉडबँडसारख्या रेंजांची आहेत. सुदामानगरातल्या घरून पेढीचा हिशेबनीस पोर्ट ५८७ वर (आपल्या माणसांनी मेल पाठवायच्या दारावर) पासवर्ड देऊन मेल पाठवत असेल, तर त्याचा पत्ताही याच यादीत निघू शकतो. म्हणून 'परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड' (पासवर्ड दिलेल्यांना सोडणारी ओळ) आपल्या तपासणीच्या वर हवंच. याच कारणाने जुन्या 'रिसीव्हड' ओळींतले पत्ते या यादीत तपासू नयेत. घरून लिहिणारा प्रत्येक ग्राहक अडकेल.

अख्खा देश अडवायचा विचार आमच्या मते सोडूनच द्या. कापडाची निर्यात करणाऱ्या पेढीला ते परवडत नाही, आणि मोठ्या मेल कंपन्यांचे सर्व्हर कुठल्या देशात आहेत त्यावरून पाठवणारा कुठला हे कळत नाही. जीमेलचा एखादा पत्ता अडवला तर त्यामागचे असंख्य निरपराध अडतात.

शंका असेल तिथे 'रिजेक्ट'ऐवजी 'डिफर_इफ_परमिट' (आत्ता नको, नंतर पुन्हा या) द्या. खरा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मूळ मांडणीत ५ दिवस करत राहतं. 'रिजेक्ट' द्यायचं तर कारणासोबत पेढीचा फोन नंबर लिहा, परत आलेला मेल वाचून खरा माणूस निदान फोन तरी करेल.

पहिला आठवडा प्रोग्रामने सगळ्यांना 'डनो'च म्हणावं आणि एरवी काय केलं असतं ते फक्त लॉगमध्ये लिहावं. लॉगच्या ओळीत पत्ता, लागू पडलेली रेंज आणि फाइलमधली ओळ कितवी, ही तिन्ही हवीत. ग्राहक 'मेल परत आला' म्हणेल तेव्हा त्याच तिघांवरून चुकीचा नियम सापडतो. नवी फाइल वाचताना एखादी ओळ बिघडलेली निघाली तर जुनेच नियम चालू ठेवा आणि लॉगमध्ये ओरडा.