चांगली परीक्षणे, फसलेली संध्याकाळ: या चुका टाळा

समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट पाहायला आपण हौसेने जातो, मध्यंतरापर्यंत खुर्चीत चुळबुळ करतो आणि बाहेर पडताना ‘या समीक्षकांना सामान्य प्रेक्षकाचे काही कळत नाही’ असे म्हणून मोकळे होतो. मोठ्या नटांच्या चित्रपटांबाबत ही तक्रार कमी ऐकू येते, कारण तिथे परीक्षण वाचण्यापूर्वीच आपले तिकीट काढून झालेले असते. ती ऐकू येते ती थोड्या पैशांत, स्वतंत्रपणे बनवलेल्या चित्रपटांबाबत आणि भयपट किंवा थरारपट यांसारख्या ठरावीक जातीच्या चित्रपटांबाबत. या चित्रपटांकडे ना चौकाचौकांतले फलक असतात ना ओळखीचा चेहरा, त्यामुळे परीक्षण हाच आपला वाटाड्या ठरतो. वाटाड्याही कधी चुकतो, हे खरे; परंतु बहुतेक वेळा त्याने सांगितलेले आपणच नीट ऐकलेले नसते. परीक्षणात मत असते आणि वर्णनही असते. आपण मत तेवढे उचलतो आणि वर्णन तसेच टाकून देतो. पुढील बहुतेक चुका त्यातूनच घडतात.

टक्केवारी म्हणजे गुणपत्रिका नव्हे

‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर एखाद्या चित्रपटासमोर ९० टक्के असा आकडा दिसला की आपल्यातल्या शाळकरी मुलाला तो चित्रपट विशेष प्रावीण्यात आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या आकड्याचा अर्थ एवढाच असतो की शंभरातील नव्वद समीक्षकांचे मत अनुकूल आहे. ते किती अनुकूल आहे, हे तो आकडा सांगत नाही. समजा, दहा समीक्षकांनी एका चित्रपटाला पाचपैकी तीन तारे देऊन ‘पाहायला हरकत नाही’ असे म्हटले, तर त्याची टक्केवारी १०० होईल. दुसऱ्या चित्रपटाला सहा जणांनी पाचपैकी पाच आणि चौघांनी एकच तारा दिला, तर टक्केवारी ६० वर येईल. आता ताऱ्यांची सरासरी काढून पाहावी: पहिल्याची ३ भरते आणि दुसऱ्याची ३.४. ज्याच्याबद्दल कोणालाच फारसे काही वाटले नाही तो चित्रपट शंभर टक्के मिळवतो आणि ज्याने सहा जणांना भारावून टाकून चौघांना चिडवले तो, त्या संकेतस्थळाची किमान मर्यादाच ६० टक्के असल्यामुळे, काठावर उत्तीर्ण होतो. स्वतंत्र चित्रपट आणि भयपट बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात.

‘मेटाक्रिटिक’ हे दुसरे संकेतस्थळ सरासरी काढते, पण सर्व प्रकाशनांना सारखे महत्त्व देत नाही आणि कोणाला किती महत्त्व दिले तेही जाहीर करत नाही. त्यामुळे दोन्हींकडचे आकडे शेजारी मांडून वाद घालण्यात हशील नाही.

शंभर टक्क्यांची गंमत तर आणखी निराळी आहे. ‘सिटिझन केन’बाबत १९४१ साली शिकागोच्या एका वृत्तपत्रात छापून आलेले प्रतिकूल परीक्षण तब्बल ८० वर्षांनी, २०२१ मध्ये, नोंदवले गेले आणि तो चित्रपट १०० वरून ९९ वर उतरला. चित्रपट मात्र होता तसाच होता. तिथे शेकडाभर परीक्षणे होती म्हणून एकच टक्का गेला. एखाद्या छोट्या मराठी चित्रपटाची पाचच परीक्षणे नोंदलेली असतील, तर एका माणसाच्या नाराजीने वीस टक्के जातात.

यावरचा उपाय सोपा आहे. आकड्याच्या आसपास परीक्षणांची संख्या आणि सरासरी कुठे दिली आहे ते आधी शोधावे आणि मग एक अनुकूल व एक प्रतिकूल परीक्षण पूर्ण वाचावे. पुष्कळदा दोघांनी नेमके एकाच गोष्टीचे वर्णन केलेले असते. कॅमेरा पाच-पाच मिनिटे जागचा हलत नाही, हे एकाने गुण म्हणून सांगितलेले असते आणि दुसऱ्याने दोष म्हणून. आपल्याला काय वाटेल, याचा अंदाज तिथे येतो.

मराठी परीक्षणांतील ताऱ्यांबाबत एक वेगळी सावधगिरी हवी. मराठी चित्रपट चालला पाहिजे ही भावना लिहिणाऱ्याच्याही मनात असते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात जसे उत्तेजनार्थ बक्षीस देतात, तसा एक उत्तेजनार्थ अर्धा तारा अधूनमधून दिला जातो, असे इतकी वर्षे परीक्षणे वाचल्यावर माझे मत झाले आहे. त्यात वावगे काही नाही. फक्त तीन आणि साडेतीन यांच्यातल्या फरकावर आपली संध्याकाळ ठरवू नये.

महोत्सवातल्या टाळ्या आणि शुक्रवारचा खेळ

महोत्सवातून येणारे पहिले परीक्षण ज्या परिस्थितीत लिहिले जाते, तिचा आपण विचार करत नाही. समीक्षक तिथे दिवसाला चार-पाच चित्रपट पाहतो आणि भोवतीचे प्रेक्षकही निवडून आलेले, उत्सुक आणि सोशिक असतात. पणजीच्या इफ्फी किंवा पुण्याच्या पिफ या चित्रपट महोत्सवांत रांगेत उभे राहिलेल्यांना हे सांगायला नको. तिथे दाद देऊन पाहिलेला चित्रपट घरी दूरदर्शन संचावर लावला, तर मंडळी वीस मिनिटांत उठून जातात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘हेरेडिटरी’ या अमेरिकी भयपटाचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये सनडान्स महोत्सवाच्या मध्यरात्रीच्या विभागात तो दाखवला गेला आणि समीक्षकांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. जूनमध्ये तो सर्वत्र प्रदर्शित झाल्यावर ‘सिनेमास्कोर’च्या पाहणीत प्रेक्षकांनी त्याला डी प्लस ही श्रेणी दिली. ही पाहणी पहिल्याच दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेऊन केली जाते. त्याआधी ‘द विच’ या भयपटाचेही असेच झाले होते: सनडान्समध्ये २०१५ साली दिग्दर्शनाचा पुरस्कार, आणि पुढल्या वर्षी प्रदर्शनानंतर प्रेक्षकांकडून सी मायनस. २०२४ मध्ये ‘लाँगलेग्ज’ला समीक्षकांची वाहवा लाभली आणि प्रेक्षकांकडून सी प्लस मिळाले.

यातून समीक्षक खोटे आणि प्रेक्षक खरे, असा निष्कर्ष काढणे हीदेखील चूकच आहे. पहिल्या दिवशी येणारा प्रेक्षक झलक पाहून आलेला असतो, आणि झलकेत दचकवणारे तीनच क्षण एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्याने दिलेली श्रेणी चित्रपटाची कमी आणि जाहिरातीने दिलेल्या वचनाची जास्त असते. भयपट म्हटला की प्रेक्षक हात आखडतोच, असेही नाही. २०२५ मध्ये ‘सिनर्स’ला याच पाहणीत ए श्रेणी मिळाली. तेव्हा भयपटाचे परीक्षण वाचताना भीती कशी येते, याचे उत्तर शोधावे. ती अचानक दारामागून उडी घेते, की घरातल्या माणसांच्या न बोलण्यातून हळूहळू साचत जाते? दुसऱ्या प्रकाराचे वर्णन असेल आणि आपल्याला पहिला प्रकार हवा असेल, तर नव्वद टक्के अनुकूल मतेही आपल्या उपयोगाची नाहीत.

भित्तिपत्रकावर महोत्सवाच्या नावाभोवती काढलेल्या पानांच्या कमानीबाबतही थोडे. निवड आणि पुरस्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुरस्कार असला तर तो कोणी दिला, हे पाहावे. ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती या विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता, ‘द डिसायपल’ २०२० मध्ये तिथल्या मुख्य स्पर्धेत होता आणि त्याला परीक्षक मंडळाकडून पटकथेचा, तर समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडून स्वतंत्र पुरस्कार मिळाला. ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. ‘किल’ मात्र २०२३ मध्ये टोरंटोच्या मध्यरात्रीच्या विभागात होता, जिथे लोक हाणामारीला शिट्ट्या मारायलाच जमतात. पानांची कमान चारही ठिकाणी सारखीच दिसते.

परदेशी समीक्षकाचे कौतुक उसने घेऊ नका

ही चूक मराठी वाचकाच्या हातून विशेष होते आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. बाहेरच्या समीक्षकाने आपल्या चित्रपटाचे कौतुक केले की आपल्याला अभिमान वाटतो, आणि त्याला जे आवडले तेच आपल्यालाही आवडेल, असे आपण गृहीत धरतो. परंतु तो उपशीर्षकांतून चित्रपट पाहत असतो. ‘कोर्ट’मधल्या सरकारी वकील बाई सहकुटुंब मराठी नाटकाला जातात, आणि रंगमंचावर परप्रांतीयांवर चाललेल्या विनोदांना प्रेक्षागृह हसत असते. परदेशी समीक्षकाला त्यात पूर्वग्रहाचे चित्रण दिसते आणि ते बरोबरही आहे. आपण मात्र त्याच खुर्च्यांवर बसलेलो असतो, कदाचित हसलेलोही असतो, त्यामुळे तो प्रसंग आपल्याला वेगळ्या ठिकाणी लागतो, आणि ते त्याच्या परीक्षणात कोठून येणार?

‘स्थळ’चेही तसेच. २०२३ मध्ये टोरंटोला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळवून ७ मार्च २०२५ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झालेला हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात घडतो, आणि मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम त्यात पुन्हा पुन्हा येतो. पाट, ट्रे, उंची, रंग, ‘शिक्षण किती झालं?’ हे सारे बाहेरच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागते आणि त्याला ती नवी माहिती वाटते. ज्यांच्या घरात हा कार्यक्रम झालेला आहे, त्यांना माहिती म्हणून काहीच नवे नसते. त्यांना टोचते ती पुनरावृत्ती. म्हणूनच ‘तेच तेच दाखवले आहे’ ही तक्रार करण्यापूर्वी, तेच तेच दाखवणे हाच त्या चित्रपटाचा विषय तर नाही ना, हे एकदा तपासावे.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा बाहेरच्या परीक्षणांत मुंबईच्या रात्रीचे दिवे आणि पाऊस यांबद्दल भरभरून लिहिले गेले. बिल्डरमुळे घर सोडावे लागून कोकणातल्या गावी परतणारी, छाया कदम यांनी साकारलेली पार्वती मराठी वाचकासाठी त्या चित्रपटाचा कणा ठरू शकते. अशा चित्रपटाबाबत एक परदेशी आणि एक मराठी परीक्षण जोडीने वाचावे, आणि दोघांनी काय गाळले, तिकडे लक्ष द्यावे.

‘केवळ भयपट नाही’ या वाक्यापासून सावध

समीक्षकांचे हे आवडते वाक्य आहे आणि बहुधा ते प्रशंसेने लिहिलेले असते. त्यामागे भयपट ही मुळात कमी प्रतीची गोष्ट आहे, अशी समजूत लपलेली असते. चित्रपट आवडला म्हणून त्याला त्या वस्तीतून बाहेर काढून वरच्या आळीत बसवले जाते. असे वाक्य दिसले की लिहिणाऱ्याला त्या प्रकारात रस आहे का, हे त्याच्या जुन्या लिखाणात पाहावे. ज्याला भुते मुळातच नकोत, त्याचे ‘मुंज्या’वरचे मत पिंपळाखालून संध्याकाळी जाऊ नये असे ऐकत वाढलेल्याच्या काय कामाचे?

या प्रकाराबाबत समीक्षकांची पहिली मते पुढे उलटल्याचीही ठळक उदाहरणे आहेत. ‘द थिंग’ला १९८२ मध्ये झोडपून काढले होते, आज त्याची गणना उत्तम भयपटांत होते. वाईट चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी ‘द शायनिंग’मधील शेली डुव्हाल यांना वाईट अभिनेत्री म्हणून नामांकन मिळाले होते, ते २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. ‘तुंबाड’ची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे समीक्षक चुकले नव्हते. २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवातच त्या चित्रपटाने झाली होती. उशीर प्रेक्षकांना झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनाहून अधिक कमाई केली.

परीक्षणे साठेपर्यंत थांबू नका

मोठा चित्रपट तीन आठवडे थांबतो, छोटा थांबत नाही. त्याला बहुधा दुपारचा अवेळी एक खेळ मिळतो, आणि ‘चार जणांचे मत येऊ दे’ म्हणेपर्यंत पुढचा शुक्रवार उजाडलेला असतो. म्हणून आपला एखादा समीक्षक आधीच हेरून ठेवलेला बरा. त्यासाठी आपण नीट पाहिलेले तीन चित्रपट घ्यावेत: एक आवडलेला, एक न आवडलेला आणि एक ज्याबद्दल अजून मन ठरलेले नाही. त्या तिन्हींवर एकाच समीक्षकाने लिहिलेले शोधून वाचावे. मते जुळतात का, हे पाहू नये. आपण जे पडद्यावर पाहिले, त्याचेच वर्णन त्याने केले आहे का, हे पाहावे. वर्णन जुळत असेल तर मत नेहमी उलटे असले तरी चालते, किंबहुना अधिक उपयोगी पडते. मी असे एक परीक्षक वर्षानुवर्षे वाचतो. त्यांच्या ‘फारच संथ’ या शेऱ्यावर विसंबून मी आजवर चार चित्रपट पाहिले, आणि त्यांतले तीन मला आवडले.