बाथरूममध्ये आधाराचा दांडा: दुकानात जाण्याआधी काय बघायचं

“मॅडम, हँडल आणून ठेवलंय, फक्त कुठे लावायचं तेवढं सांगा.” मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं पेशंटला स्वतःला जमावीत म्हणून मदत करते, ठाणे-डोंबिवलीकडे घरोघरी जाऊन पेशंट बघते, आणि असे फोन मला सारखे येतात. आणलेलं हँडल बहुतेक वेळा चकचकीत, दोन फुटी आणि त्या घराच्या काही उपयोगाचं नसतं. पाय न मोजता चप्पल आणावी तसला प्रकार.

क्रम उलटा हवा. आधी माणूस बघायचा, मग भिंत, आणि दुकान सगळ्यात शेवटी.

हात कुठे जातो ते बघा

ज्यांच्यासाठी दांडा बसवायचा आहे त्यांना फरशी कोरडी असताना, अंगावर कपडे असताना, रोजचं सगळं करून दाखवायला सांगा. दारातून आत येणं, कमोडवर बसणं-उठणं, स्टुलावर बसणं, टॉवेल घेणं, परत बाहेर येणं. तुम्ही जवळ उभे राहा, मधे बोलू नका, फक्त त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवा. हात नळावर जातो, बेसिनच्या काठावर जातो, टॉवेलच्या दांडीवर, दाराच्या कडीवर, कधी थेट गीझरच्या पाइपवर. जिथे जिथे हात टेकला तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. दांड्याच्या जागा या तुकड्यांच्या आसपासच ठरतात.

या सगळ्या वस्तू धोक्याच्या आहेत. बेसिन दोन बोल्टांवर टांगलेलं असतं. टॉवेलची दांडी इंच-दीड इंचाच्या स्क्रूवर असते, ती ओला टॉवेल पेलायला केलेली, माणूस पेलायला नाही. आणि नळ धरताना गरम पाण्याचा नॉब फिरला तर पडण्याआधी भाजतं.

जागा ठरली की घरातल्या दोघांनी झाडूचा दांडा किंवा पाइपचा तुकडा त्या उंचीवर भिंतीशी धरून ठेवायचा आणि आजी-आजोबांना उठून बघायला लावायचं. पूर्ण भार टाकायचा नाही, हात नीट पोचतो का एवढंच बघायचं. दोन इंच वर, दोन इंच पुढे असं करून बघा. जिथे त्यांच्या तोंडून “हं, इथे बरं वाटतंय” निघतं, तिथे पेन्सिलीची खूण करा.

इंटरनेटवर मिळणारे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. दांडा जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर हवा, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या कायद्याच्या 2010 च्या मानकांतला आहे. ती मानकं सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी आहेत, आणि व्हीलचेअरवरून कमोडवर सरकणाऱ्या माणसाचा त्यात विचार आहे. माझ्या एका पेशंट आजींची उंची 4 फूट 9 इंच. त्यांच्या मुलाने मापटेप लावून अगदी 36 इंचांवर आडवा दांडा बसवून घेतला होता. कमोडवर बसल्यावर तो आजींच्या खांद्याच्याही वर जात होता. धरायला हात उचलला की खांदा कानाशी यायचा आणि ताकद काही लागायची नाही. आपल्या देशातही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण तुमच्या घरच्या बाथरूममध्ये मापं तपासायला कोणी येणार नाही. तिथे त्या एका माणसाचं माप चालतं.

कमोडजवळ

बसलेला माणूस उठतो कसा, हे कळलं की दांड्याची जागा आपोआप कळते. खुर्चीवर बसा, पाठ ताठ ठेवा आणि हात न लावता उठून बघा. जमत नाही. आधी पाय मागे घ्यावे लागतात, मग धड पुढे झुकतं, नाक गुडघ्यांच्या पुढे येतं, आणि मगच पार्श्वभाग उचलला जातो. म्हणून उठण्यासाठीचा दांडा पुढे हवा. तो खांद्याच्या रेषेत किंवा मागे असला तर माणूस स्वतःला मागे ओढतो आणि धपकन परत बसतो.

बाजूची भिंत हाताच्या अंतरावर असेल तर ‘एल’ आकाराचा दांडा सगळ्यात कामाचा. त्याचा आडवा भाग कमोडच्या सीटपासून साधारण 8 ते 10 इंच वर ठेवा, म्हणजे कोपर किंचित वाकलेलं राहतं आणि तळहाताने खाली दाब देता येतो. उभा भाग कमोडच्या पुढच्या कडेपासून 8 ते 10 इंच पुढे. दाब द्यायला आडवा, ओढून घ्यायला आणि उभं राहिल्यावर तोल धरायला उभा. हे आकडे सुरुवातीचे समजा, शेवटचा शब्द पेन्सिलीच्या खुणेचा. तिरका दांडा दिसायला छान असतो, पण साबणाचा हात त्यावरून घसरत खाली येतो. मनगट वळत नाही अशा संधिवाताच्या पेशंटला तो कधीकधी सोयीचा पडतो, बाकीच्यांना मी सांगत नाही.

भिंत लांब असेल तर मागच्या भिंतीतून निघणारा, वर दुमडता येणारा दांडा मिळतो. त्याचा सगळा भार एकाच पट्टीवर येतो, त्यामुळे मागची भिंत भक्कम हवी. आणि कमोडच बुटका असेल तर दांड्याआधी सीटची उंची वाढवणारी बैठक घ्या. तीन-चार इंचांनी उंची वाढली तर कित्येकांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

भारतीय संडास असेल तर बाजूच्या भिंतीवर उभा दांडा, खालचं टोक जमिनीपासून दीड फुटाच्या आत, म्हणजे उकिडवं बसल्या जागी धरता येतो आणि उठताना हात वर सरकवता येतो. गुडघा बदलला असेल तर मात्र दांड्यावर भागवू नका, कमोडची सोय करा.

अंघोळीची जागा

परदेशी चित्रांत टब असतो नाहीतर शॉवर. आपल्याकडे बालदी, तांब्या आणि प्लास्टिकचं स्टूल. त्यामुळे ती चित्रं इथे चालत नाहीत.

स्टूल कुठे ठेवलं जातं ते आधी पक्कं करा, कारण दांडा हलत नाही आणि स्टूल रोज हलतं. बहुतेक जण नळाकडे तोंड करून बसतात, बालदी दोन पायांच्या मधे किंवा उजवीकडे. उठताना एक हात गुडघ्यावर आणि दुसरा थेट नळावर. तो नळावरचा हात आपल्याला सोडवायचा आहे. स्टुलाच्या बाजूच्या भिंतीवर, गुडघ्यांच्या थोडं पुढे, दोन फुटी उभा दांडा लावा. बसलेल्या माणसाच्या छातीच्या खालून तो सुरू व्हावा आणि उभं राहिल्यावर छातीपर्यंत यावा. बालदी छोट्या चौरंगावर ठेवली तर तांब्यासाठी सारखं वाकावं लागत नाही. स्टूल रबरी बुचांचं आणि जाड पायांचं घ्या. ते कमजोर असेल तर भिंतीवरच्या दांड्याचा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

अंघोळ झाल्यावरचा एक प्रकार कोणी सांगत नाही. ओल्या फरशीवर, ओल्या अंगाने, एका पायावर उभं राहून परकर किंवा लेंगा चढवणं. बाई असो की बुवा, इथे तोल जाण्याची भीती सगळ्यात जास्त. कपडे अडकवायच्या खुंटीजवळ, कमरेच्या उंचीवर, एक छोटा आडवा दांडा असेल तर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कपडा चढवता येतो. त्याहून चांगलं म्हणजे स्टुलावर बसूनच पाय घालणं. हे सांगायला मला प्रत्येक घरी थोडा वाद घालावा लागतो.

दार

बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटचा इंच-दोन इंचाचा उंबरा असतो, आत फरशी खाली असते. दाराच्या चौकटीलगत, आत, उभा दांडा हवा. अर्धांगवायूत एक बाजू गेली असेल तर चांगला हात कुठल्या बाजूला येतो ते बघा. आत जाताना तो उजवीकडच्या भिंतीशी असेल तर बाहेर येताना माणूस वळलेला असतो, आणि तोच हात दुसऱ्या बाजूच्या भिंतीशी येतो. म्हणून अशा घरी दोन्ही बाजूंना दांडे लावून घ्या.

आत उघडणारं दार असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या. माणूस आत दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडीऐवजी बाहेरून नाण्याने उघडता येईल असं कुलूप लावा.

भिंत काय म्हणते

आता भिंत. बोटाच्या पेरांनी टाइल ठोकून बघा. बद्द, पोकळ आवाज आला तर टाइलमागे सिमेंट भरलेलं नाही. त्या जागी भोक पाडायचं नाही, टाइल तडकते आणि पाणी मागे शिरतं.

भिंत कशाची आहे ते ड्रिलची धूळ सांगते. लाल भुकटी आली तर वीट. जुन्या इमारतींत बाथरूमची आतली भिंत बहुधा साडेचार इंची विटेचीच असते. पांढुरकी, मऊ, पिठासारखी भुकटी आणि ड्रिल लोण्यातून जावं तशी आत गेली तर हलका ब्लॉक, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात. करडी धूळ आणि ड्रिल किंचाळायला लागली तर काँक्रीट. हल्लीच्या टॉवरमध्ये भिंती बऱ्याचदा काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात, त्यात दांडा उत्तम बसतो.

विटेच्या भिंतीत स्क्रूची लांबी हा कळीचा मुद्दा. टाइल, त्यामागचं सिमेंट, प्लास्टर मिळून इंच-सव्वा इंच सहज जातो. दीड इंची स्क्रू म्हणजे विटेत जेमतेम पाव-अर्धा इंच शिरतो. तीन इंचांचे स्टेनलेस स्क्रू आणि त्याला साजेशी जाड गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारं बूच) वापरायला सांगा. फुगणारा लोखंडी फास्टनर विटेच्या कडेशी लावला तर वीट फुटते. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी फिरत राहते. तिथे त्या ब्लॉकसाठीचीच गिट्टी किंवा केमिकल फास्टनर (भोकात भरलेलं केमिकल घट्ट होऊन स्क्रू धरतं तो) लागतो, आणि केमिकल वापरलं तर ते पूर्ण धरेपर्यंत, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत, दांड्याला हात लावायचा नाही. भिंतीच्या पलीकडे बेडरूम असेल तर आरपार बोल्ट टाकून पलीकडून लोखंडी पट्टी लावणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. पट्टी कपाटामागे लपते.

नळाच्या सरळ वर-खाली आणि गीझरच्या बटणाच्या रेषेत भोक पाडू नका. पाइप आणि वायरी तिथूनच गेलेल्या असतात. बाथरूमचं काम चालू असतानाचे फोटो कोणाकडे असतील तर शोधून काढा.

आता दुकान

पाइप 32 ते 38 मिलिमीटर जाडीचा, बोटं भोवती वळून अंगठ्याशी भेटतील असा. भिंत आणि दांडा यांत दीड इंच अंतर. जास्त असलं तर तोल गेल्यावर हात मनगटापर्यंत आत सरकून अडकतो. पृष्ठभाग खरखरीत किंवा मॅट, आरशासारखा नको. प्रत्येक टोकाच्या पट्टीला तीन भोकं हवीत.

स्टील 304 ग्रेडचं मागा. दुकानदार लोहचुंबक लावून “बघा, चिकटत नाही” म्हणतो, त्यात काही नाही. स्वस्त 202 सुद्धा सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. कोकणात, समुद्राजवळ घर असेल तर 316 परवडत असल्यास तोच. आणि कुठलंही स्टील असो, संडास साफ करायचं ॲसिड त्याला लागू देऊ नका, खड्डे पडून गंज धरतो.

पांढऱ्या टाइलवर पांढरा दांडा मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना दिसत नाही. गडद रंगाचा प्लास्टिक आवरण असलेला दांडा अशा घरी बरा.

हवेच्या दाबाने चिकटणारे, खटका दाबून बसवायचे दांडे ऑनलाइन खूप दिसतात. टाइलच्या सांध्यावरून हवा शिरते आणि तो केव्हा सुटेल ते सांगता येत नाही. प्रवासातसुद्धा मी ते कुणाला घेऊ देत नाही.

फिटिंगच्या दिवशी

पेन्सिलीच्या खुणेवर मास्किंग टेप लावून त्यावरून ड्रिल करा, बिट सरकत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारं बटण, बंद. भोक टाइलच्या कडेपासून इंचभर तरी आत. गिट्टी घालण्याआधी भोकात सिलिकॉन भरा.

काम झालं की फिटरलाच दांड्याला लोंबकळायला सांगा. अमेरिकन मानकात 250 पौंड, म्हणजे साधारण 113 किलो भार धरतात. तुमचा फिटर एवढा नसेल, पण सगळ्या अंगाने ओढल्यावर दांडा केसभरही हलता कामा नये. हलला तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, “नंतर येतो”वर सोडू नका. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी दांडा हातात धरून हिसका देऊन बघा, आणि स्क्रूच्या टोपणाखाली तांबूस ओघळ दिसला की स्क्रू बदला.

घर भाड्याचं असेल आणि मालक भोकं पाडू देत नसेल तर कमोडभोवती ठेवायची स्टीलची चौकट मिळते. ती कमोडला पक्की कसायची असेल तरच घ्या, नुसती ठेवायची असेल तर एका बाजूला भार पडताच उलटते. अंघोळीसाठी हातांची आणि पाठीची, खाली रबराची खुर्ची. भाड्याच्या घरात एवढ्यावर पुष्कळ निभतं, आणि घर बदललं की दोन्ही सोबत नेता येतात.