लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी टिपलेल्या मालिका : व्हीएचएस फीत संगणकात कशी उतरवावी

खान्देशात अजूनही बऱ्याच घरांत लोखंडी कपाटात नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत तीन-चार व्हीएचएस कॅसेटी पडून असतात. वरच्या चिठ्ठीवर कुणाच्या तरी लग्नाची तारीख असते. लग्नाचं शूटिंग दोन तासांचं आणि कॅसेट ई-१८०, म्हणजे तीन तासांची. उरलेल्या तासात घरातल्या पोरांनी शाळेतून आल्यावर लागणाऱ्या मालिका आणि कार्टून भरून ठेवलेले असतात, आणि चिठ्ठीवर त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे पाठवणी झाली की कॅसेट बंद करू नका. फीत संपेपर्यंत चालू द्या. रेकॉर्डिंग एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगाने केलं असेल तर त्याच कॅसेटमध्ये सहा तासांपर्यंतचा ऐवज निघू शकतो.

मालिका इंटरनेटवर शोधली तर बहुधा सापडते. सापडत नाही ते तिच्या आजूबाजूचं: जाहिराती, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, केबलवाल्याने पडद्याच्या तळाशी सोडलेली गावातल्या साडीच्या आणि बियाण्यांच्या दुकानांची सरकती पट्टी, आणि लाइट गेल्यावर मध्येच तुटलेला भाग. म्हणून उतरवताना काहीही कापायचं नाही. पुढचं सगळं या एका नियमाला धरून आहे.

कॅसेट आधी नीट पाहा

कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतल्या गुंडाळीची कड पाहा. कड काळी, सपाट आणि चकचकीत असेल तर ठीक. तिच्यावर पांढरट, पिठासारखे डाग किंवा जाळीदार वर्तुळं दिसली तर ती बुरशी. सातपुड्याच्या पायथ्याच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या घरांत ती जास्त दिसते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. ती कॅसेट वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधा, नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. बुरशी सुकून भुकटी झाली की घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, कोरड्या आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने कड हलक्या हाताने पुसा. ही कॅसेट सगळ्यात शेवटी चालवायची आणि लगेच हेड साफ करायचं.

धाब्याच्या घरात दुसरीच अडचण असते. छताची बारीक माती झिरपत राहते आणि कॅसेटच्या पुढच्या झाकणाखाली साचते. झाकण उचलून मऊ ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा फितीवर बसतो. मातीचे कण हेडपाशी गेले तर फितीवर आडवा ओरखडा उठतो आणि तो कायमचा राहतो.

चिठ्ठीच्या कडेला, डाव्या टोकाला एक छोटी प्लॅस्टिकची टिकली असते. ती तोडलेली नसेल तर आधी तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसलं जात नाही. तिथे सेलोटेप चिकटवलेली दिसली तर ती काढा. तोडलेल्या टिकलीवर सेलोटेप लावून पुन्हा रेकॉर्ड करायची पद्धत सर्रास होती.

व्हीसीआर

नवा व्हीसीआर मिळत नाही. जगात शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानी फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. जुन्यांपैकी चालू स्थितीतला बहुतेकदा लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडेच सापडतो. त्यांनी तो वापरला, जपला, दुरुस्त करून घेतला. तिथे नाही मिळाला तर जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे विचारा. भंगारातला उचलायचा असेल तर आधी टाकाऊ कॅसेट घालून चार गोष्टी तपासा: प्ले, पुढे पळवणं, मागे पळवणं, बाहेर काढणं. मागे पळवताना दम लागत असेल तर रबरी पट्टा सैल झाला आहे. तो बदलता येतो. मशीन कॅसेट खात असेल, म्हणजे बाहेर काढताना फितीचा फास आत अडकत असेल, तर दुरुस्त होईपर्यंत त्याला घरची कॅसेट दाखवू नका.

हेड साफ करणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक पाऊल. वायर काढा, वरचं झाकण उघडा. मधला चकचकीत, तिरका बसवलेला ड्रम दिसेल. चालू असताना तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्याच्या खालच्या कडेला समोरासमोर दोन बारीक खाचा असतात आणि त्यांत तांदळाच्या कणीहून लहान हेड बसवलेली असतात. साध्या, गुळगुळीत कागदाची घडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते मिळतं. घडी ड्रमला बोटाने सपाट टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग सावकाश चार-पाच फेरे फिरवा. कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटतं आणि व्हीसीआर संपला. कापसाची काडीही नको, तिचे धागे खाचेत अडकतात. रबरी रोलर मात्र अल्कोहोलने न पुसता ओलसर कापडाने पुसा, नाहीतर रबर कालांतराने कडक होऊन फीत घसरायला लागते. दहा मिनिटं सुकू द्या, मग झाकण लावा.

दिवस निवडणं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते आणि ऊन चढत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत तासन्‌तास चाललेला व्हीसीआर तापतो आणि फीत सैल होते. पावसाळ्यात ओलसर फीत ड्रमला चिकटते. माळ्यावरून काढलेली कॅसेट एक दिवस खोलीतच राहू द्या. मग ती प्ले न करता शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे पळवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी त्यामुळे एकसारखी होते.

जोडणी आणि सेटिंग

व्हीसीआरच्या मागची पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. आपल्याकडचे बहुतेक व्हीसीआर एकाच आवाजाचे, त्यामुळे लाल पिन नसेल तर घाबरू नका. अँटेनाच्या जागेवरून चित्र घेऊ नका, त्यात मुंग्या वाढतात. या पिना यूएसबी कॅप्चर डोंगलला, म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल संगणकाला कळेल असा करून देणाऱ्या छोट्या जोडणीला, जोडा आणि डोंगल संगणकाला.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. व्हिडीओ स्टँडर्ड पाल बी, म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, निवडा. एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानकडची पद्धत, राहिलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर पळत राहतं, आणि लोक उगाच कॅसेट खराब समजतात. डोंगलचं रेझोल्यूशन ७२० बाय ५७६, कॅनव्हास ७६८ बाय ५७६ ठेवा, म्हणजे जुन्या टीव्हीचं चार-तीनचं प्रमाण राहतं आणि माणसं बेढब दिसत नाहीत. फ्रेम रेट ५० ठेवा आणि डीइंटरलेसिंगमध्ये याडिफ टू-एक्स, टॉप फील्ड फर्स्ट. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे फील्डमध्ये येतं; ते सांधणं म्हणजे डीइंटरलेसिंग. २५ वरच थांबलात तर पळणारी माणसं आणि सरकती पट्टी झटके देत हलते. चालत्या माणसाच्या कडा पुढे-मागे थरथरत असतील तर फील्डचा क्रम उलटा करा.

बिटरेट ८००० केबीपीएस ठेवला तर तासाला सुमारे ३.६ जीबी, म्हणजे पूर्ण कॅसेटला ११ जीबीच्या आसपास जागा लागते. फाइल एमकेव्हीमध्येच करा. मध्येच लाइट गेली तर एमपी४ फाइल बहुतेकदा उघडतच नाही; एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमधूनच तिची एमपी४ करता येते. भारनियमनाचं वेळापत्रक माहीत असेल तर तेवढा वेळ टाळा. व्हीसीआर घरच्या इन्व्हर्टरवर चालवला आणि चित्रात आडव्या लाटा उठल्या तर दोष बहुधा इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीचा असतो.

आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कार्टूनपेक्षा जाहिराती मोठ्याने वाजतात, म्हणून पातळी जाहिरातीवर लावा. आवाज एकाच कानात येत असेल तर मोनोची खूण करा. सतत घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, बहुतेक वेळा तिथेच थांबतं.

दोष कुठला आणि कुणाचा

सगळ्या चित्रभर एकसारख्या मुंग्या असतील तर त्या रेकॉर्डिंगच्या दिवशीच्या आहेत. दूरदर्शनचा मनोरा लांब, बांबूवरची अँटेना वाऱ्याने फिरलेली. ट्रॅकिंगने, म्हणजे हेड आणि फितीवरच्या रेषा जुळवणाऱ्या व्हीसीआरच्या बटणाने, त्या जात नाहीत. रंग येऊन-जाऊन असणं हेही त्याच दुबळ्या सिग्नलचं लक्षण: सिग्नल एका मर्यादेखाली गेला की व्हीसीआर रंग बंद करतो. एका माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसली तर लाट डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून आपटून आली होती. हे सगळं जसंच्या तसं राहू द्या.

एका जागी आडवा पांढरा पट्टा आला तर मात्र ट्रॅकिंगचं बटण फिरवा. लग्न आणि मालिका वेगवेगळ्या मशीनवर रेकॉर्ड झालेल्या असतात, त्यामुळे जोडावर ट्रॅकिंग पुन्हा लावावंच लागतं. अख्खं चित्र अचानक मुंग्यांनी भरलं तर हेड घाण झालं आहे. थांबवा, साफ करा, पाच मिनिटं मागे जाऊन पुन्हा सुरू करा. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला झुकला तर उन्हाने फीत ताणली गेली आहे. त्यावर उपाय म्हणजे व्हीसीआर आणि डोंगलच्या मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर जोडणं. नुसता प्लेअर नव्हे, रेकॉर्डरच. पुष्कळ रेकॉर्डर सिग्नल सरळ करून पुढे देतात. स्वस्त डोंगल तुटक भागांवर निळा पडदा दाखवतो किंवा चित्र गाळतो आणि मग आवाज ओठांच्या पुढे-मागे होतो, तोही त्रास यानेच कमी होतो.

साल ओळखणं

तारीख नसेल तर कोपऱ्यातलं चिन्ह बघा. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये सुरू झालं, ते चिन्ह असलेलं रेकॉर्डिंग त्याआधीचं असूच शकत नाही. अल्फा मराठी १९९९ मध्ये आलं आणि २००५ मध्ये त्याचं झी मराठी झालं. ई टीव्ही मराठी दिसलं तर २००० ते २०१५. ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर १९९७ पासून होतं. केबलच्या पट्टीवरच्या दुकानांच्या दूरध्वनी क्रमांकांचे आकडे मोजा आणि घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांवरच्या क्रमांकांशी ताडून पाहा. पुण्याच्या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या बालचित्रवाणीचे शालेय कार्यक्रम कॅसेटवर निघाले तर ती फाइल विशेष जपा. लोक मालिका टिपून ठेवत, शाळेचे धडे सहसा नाहीत.

पहिल्यांदा पाहताना घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं वेगळं रेकॉर्ड करा: टीव्ही कुणाच्या ओट्यावर होता, अँटेना कोण फिरवायचं, कुठल्या वेळी लाइट जायची. त्या फाइलला कॅसेटचाच क्रमांक द्या, नाव ‘कॅसेट ०३ बोलणं’ असं साधं ठेवा.

दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. मालिकांचे हक्क ज्यांचे त्यांचे असतात, तेव्हा पूर्ण भाग इंटरनेटवर चढवू नका. मूळ कॅसेट फेकू नका. सुरुवातीपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात, पत्र्यापासून आणि जुन्या स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा. पुडी दर पावसाळ्याआधी बदला.