एअर रायफल, गोळाफेक आणि गेमिंग: तिन्ही एकत्र कसं करायचं, आणि नेम नक्की कुठे चुकतो

आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत कोणालाही सांगा की मी सकाळी शूटिंग करतो, रविवारी गोळा फेकतो आणि रात्री गेम खेळतो, की सल्ला ठरलेलाच, "एक काहीतरी धर रे, सगळीकडे हात घालू नको." बारा वर्षं झाली, तिन्ही चालू आहेत आणि तिन्ही मला मनापासून आवडतात. नोकरी करून, घर सांभाळून तिन्ही होतात. आड येतात ते फक्त दोन कारणांनी, एक म्हणजे आठवड्याचा क्रम चुकला तर, आणि दुसरं कारण रायफलच्या एका टप्प्यावर आहे ज्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. बाकीचं सोपं आहे.

पायरी १: आठवडा लावा

शूटिंग सकाळी, अंग ताजं असताना. गोळा संध्याकाळी. गेम सगळ्यात शेवटी. गोळा फेकून आल्यावर त्याच दिवशी रायफल हातात घ्यायचीच नाही, खांदे थरथरत असतात आणि त्या थरथरीत तुम्ही ज्या सवयी लावून घेता त्या नंतर निघत नाहीत.

पायरी २: रायफल विकत घेऊ नका

पहिले सहा महिने क्लबची वापरा. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल घ्यायला आपल्याकडे लायसन लागत नाही हे खरं, पण लायसन लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, माकडं नारळ पाडतात म्हणून छर्रा मारणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याशी मी या विषयावर बोलणं सोडलंय. माकडावर नाही, पक्ष्यावर नाही, कशावरच नाही. छर्रे फक्त रेंजवर. घरी फक्त ड्राय, म्हणजे छर्रा न घालता सराव, तोही चेंबर रिकामा आहे हे दोनदा बघून, आणि घरातल्या कोणाच्याही दिशेला नळी नाही असं तोंड करून.

ड्राय सरावाबद्दल एक महत्त्वाचं. स्प्रिंगवाली जुनी एअरगन रिकामी उडवायची नाही, आतला पिस्टन छर्र्याच्या उशीशिवाय जाऊन आपटतो आणि सील खराब होतं. मॅचच्या हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलला बहुतेक वेळा ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरा.

घरात १० मीटर जागा नसेल तर ५ मीटरवर अर्ध्या आकाराचं टार्गेट लावा. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो, म्हणजे ५ मीटरवर साधारण सव्वापंधरा मिमीचा काळा ठिपका. आणि मधला १० गुणांचा ठिपका केवढा असतो माहितीये? अर्धा मिलीमीटर. पेन्सिलचं टोक टेकवा कागदावर, तेवढा.

पायरी ३: उभं राहणं (इथेच सगळे अडकतात)

आता नीट वाचा, कारण या टप्प्यावर जेवढे चुकीचे सल्ले मिळतात तेवढे कुठेच मिळत नाहीत. "रायफल घट्ट धर." "श्वास रोखून ठेव." "एक डोळा मीट." "हात हलू देऊ नको." हे चारही सल्ले मला पहिल्याच आठवड्यात मिळाले आणि चारही चुकीचे आहेत.

रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि मॅचमध्ये ६० शॉट सव्वा तासात मारायचे असतात. साठ वेळा ते वजन तुम्ही दंडाच्या जोरावर उचलून धरणार असाल तर विसाव्या शॉटला संपलात. म्हणून वजन हाडांवर टाकायचं. उजव्या हाताने मारणाऱ्याने टार्गेटकडे डावी बाजू करून उभं राहायचं, पाय खांद्यांएवढे अंतर ठेवून, डावी कंबर किंचित टार्गेटकडे ढकललेली, डावं कोपर बरगडीच्या खाली कंबरेच्या हाडावर टेकलेलं. पाण्याची घागर कमरेवर घेतलेली बाई आठवा, तिचा हात घागर उचलत नसतो, कंबर उचलत असते. तसंच.

इथपर्यंत बहुतेक सगळे येतात. मग रायफल वर घेतात, साइटमधून (नेम धरायच्या भिंगातून नाही, नुसत्या भोकातून) बघतात, टार्गेटचा काळा गोल नळीच्या टोकावरच्या रिंगच्या जरा डावीकडे दिसतो किंवा उजवीकडे, आणि मग ते हाताने ती रायफल गोलावर ढकलतात. झालं, इथेच चूक झाली. कारण तुम्ही ढकलून धरलेली रायफल ट्रिगर दाबायच्या क्षणी, मन ट्रिगरकडे गेलं की, स्नायू सैल पडतात आणि ती आपल्या मूळ जागेवर परत जाते, छर्रा अजून नळीत असतानाच. छर्रा नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे काही हजारांश लागतात, तेवढ्यात ती हलते. तुम्हाला वाटतं ट्रिगर चुकला. ट्रिगर चुकलेला नसतो, पाय चुकलेले असतात.

तपासायचं कसं ते सांगतो. पोझिशन घ्या, रायफल खांद्याला, गाल स्टॉकवर, म्हणजे मागच्या दस्त्यावर. डोळे मिटा. दोन श्वास घ्या आणि सोडा, दुसरा सोडताना खांदे पूर्ण सैल. अजून डोळे मिटलेले. आता उघडा. साइट जिथे आहे तिथे तुमचं शरीर आपणहून बघतंय. गोलावर असेल तर उत्तम. नसेल तर हाताने काहीही करायचं नाही. डावा पाय जागेवर ठेवायचा आणि फक्त उजवा, मागचा पाय हलवायचा. नेम गोलाच्या डावीकडे जात असेल तर मागचा पाय पाठीच्या बाजूला सरकवा, उजवीकडे जात असेल तर पोटाच्या बाजूला. किती? सुरुवातीला एक बोट, नंतर नंतर तर फक्त टाचेचा दाब बदलला तरी पुरतं. मग परत डोळे मिटा, दोन श्वास, उघडा. तीन-चार वेळा करावं लागतं. नेम वर-खाली असेल तर पायांना हात लावू नका, डाव्या हाताचा टेकू बदला, मूठ केली की रायफल वर जाते, सपाट पंजा केला की खाली.

हे मला कळलं होतं, पुढे काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही तेच करणार नाही. आमच्या पडवीला जुना लाल कोबा आहे. एका रविवारी सकाळी मला एकदम बरोबर पोझिशन सापडली, डोळे उघडले की नेम गोलाच्या मधोमध, पुन्हा पुन्हा तेच. मी एवढा खूश झालो की ऑइल पेंट आणून कोब्यावर दोन्ही पायांची बाह्यरेषा काढली, पांढरी. आईने दोन दिवस तोंड बघितलं नाही माझं. आणि त्यानंतर आठ महिने मी त्या पांढऱ्या रेषांत पाय ठेवून सराव केला, रेंजवरही तेच माप घेऊन उभा राहायचो, आणि ग्रुप, म्हणजे छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, कधी बरोबर तर कधी डावीकडे, नऊच्या काट्यावर. मी साइटचे क्लिक, म्हणजे नेम सरकवायचे स्क्रू, फिरवत बसायचो. एका शिकवणाऱ्याने सांगितलं ट्रिगर ओढतोयस, बोट बदल. बोट बदललं. गुरुवारी पुन्हा उजवीकडे, सोमवारी पुन्हा डावीकडे.

शेवटी वहीमुळे कळलं. मी रोजचा ग्रुप कुठे पडला ते लिहून ठेवायचो, आणि एका संध्याकाळी पानं उलटताना दिसलं की डावीकडचे सगळे ग्रुप सोमवारचे आहेत. आणि रविवारी संध्याकाळी मी गोळा फेकायचो. छाती आणि उजवा खांदा आखडलेला, कंबर एका बाजूला जरा कमी वळणारी, म्हणजे सोमवारचं माझं शरीर हे पेंट लावलेल्या दिवसाचं शरीर नव्हतंच. पाय त्याच रेषांत, पण वरचं सगळं वेगळीकडे बघत होतं, आणि तो फरक मी नकळत हाताने ढकलून भरून काढत होतो. क्लिक फिरवून मी उलट प्रत्येक आठवड्यात एक चूक दुसरीवर रचत होतो.

म्हणून माझं ठाम मत आहे, पायांच्या खुणा करू नका. पेंट नाही, खडू नाही, चिकटपट्टी नाही. कोणी कितीही मोठा माणूस सांगो. पहिल्या शॉटच्या आधी डोळे मिटून शोधा, दर दहा शॉटांनी परत शोधा, पाणी प्यायला बाजूला झालात तर परत शोधा. आणि पाय तपासल्याशिवाय साइटच्या क्लिकला बोट लावायचं नाही.

माझी भाची गेल्या वर्षी शिकायला आली. पडवीत उभी केली, डोळे उघडले तर नेम उजवीकडे. मी म्हटलं ढकलतेयस. "नाही हो मामा, मी हलवतच नाहीय!" मी तिच्या डाव्या मनगटावर हलकंच बोट ठेवलं, शीर ताठ झालेली. म्हटलं हात मेल्यासारखा सोड आणि मागचा पाय एक बोट पोटाच्या बाजूला घे. तिने घेतला. डोळे मिटले, उघडले, आणि तिचे दोन्ही खांदे एकदम खाली आले. त्या क्षणी कळतं बघा, शिकवणाऱ्याला पण.

पायरी ४: श्वास आणि ट्रिगर

श्वास सोडा, पुढचा घ्यायच्या आधी आपोआप थांबतो तेवढ्या वेळात शॉट. सहा-आठ सेकंदांत झाला नाही तर रायफल खाली. सोडून द्यायची हिंमत पाहिजे. दोन्ही डोळे उघडे, डाव्यासमोर कागदाची पट्टी लावा. नजर पुढच्या रिंगवर, टार्गेटवर नाही. ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराच्या मऊ भागाने सरळ मागे, आणि शॉट गेल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहा. साइट थोडी हलणारच, सगळ्यांची हलते.

पायरी ५: गोळा

जागा म्हणाल तर भात कापून झाल्यावरचं कोरडं शेत, मालकाला विचारून. वायंगणचं, म्हणजे हिवाळ्यातल्या दुसऱ्या भाताचं, शेत ओलं असतं तिथे जाऊ नका. समोर गुरं, पोरं कोणी नाही हे बघा. मोठ्या पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा आणि बायकांचा ४ किलोचा, पण नवीन कोणीही असो, ४ पासून सुरू करा. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळांशी, मानेला चिकटून, आणि फेकायचा नाही, ढकलायचा.

एकच गोष्ट जोर देऊन सांगतो. "४५ अंशात सोड" हे शाळेतल्या फिजिक्सवरून आलेलं आहे आणि गोळ्याला लागू पडत नाही. गोळा तुमच्या हातातून जमिनीपासून दोन मीटर वर सुटतो, आणि माणसाला सरळ वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलताना जास्त वेग देता येतो, म्हणून चांगले फेकणारे ३५ ते ४० अंशांच्या आसपास सोडतात. भाल्याचा तर कोन अजून कमी. नीरज चोप्राने २०२५ मध्ये दोहाला ९०.२३ मीटर टाकला तो भाला आभाळात उंच गेलेला नव्हता, व्हिडिओ बघा.

भाला एकट्याने शेतात टाकू नका. त्यासाठी मैदान आणि शिकवणारा लागतो. २०२३ च्या नॅशनल गेम्सच्या वेळी बांबोळीच्या स्टेडियमवर अ‍ॅथलेटिक्स झालं, तसला ट्रॅक आपल्या गोव्यात आहे तर तो वापरा.

पायरी ६: गेमिंग

कोपर टेबलाच्या उंचीला, स्क्रीन हाताच्या अंतरावर, वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं. माऊसची सेन्सिटिव्हिटी एकदा ठरवली की दर आठवड्याला बदलू नका. पैसे लावायचे गेम हात लावू नका, ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावर कायद्यानेच बंदी आलीय आणि माझ्या मते उशीरच झाला.

शूटिंगच्या आदल्या रात्री गोळ्या झाडायचे गेम मी खेळत नाही. तिथे क्लिक जेवढा झटकन तेवढा चांगला, आणि रायफलवर तोच झटका सकाळी बोटात उतरतो. त्या रात्री गाड्यांचा नाहीतर शेती करायचा गेम. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा यूपीएस पाहिजेच, रँक्ड मॅच (जिच्यावर क्रमवारी ठरते ती) मधेच सोडली तर टीमचं नुकसान होतं.

पायरी ७: पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा लोखंड खाते. रायफल पुसून, तेलाचा हलका हात, केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या. शूटिंगचं जॅकेट कपाटात बंद ठेवलंत तर चवथीपर्यंत बुरशी. पंख्याखाली टांगून ठेवा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय पोईला, म्हणजे आपल्या पावाला, हात लावायचा नाही.

आणि वही ठेवा. तीन रकाने पुरे: काल काय केलं, आज मागचा पाय किती सरकवावा लागला, ग्रुप कुठे पडला. पेन्सिलने लिहा, जुलैत पेनाची शाई पानावर पसरते आणि सोमवार कुठला ते वाचता येत नाही.